रोह्याचे चिंतामणराव आणि त्यांचे शब्दधन

लेखणीच्या बळावर नावलौकिक मिळविणाऱ्या पुरुषांची परंपरा आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत मोठी आहे. त्या परंपरेत कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री ही त्यांची ओळख आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्या पदव्यांची आणि पदांची जंत्री पुन्हा देण्याऐवजी त्यांच्या चरित्राचा एकच धागा आम्ही हाती घेत आहोत. रोह्यात वाढलेल्या या मुलाने इंग्रजीसारख्या परक्या भाषेचे शब्दधन कोणत्या मार्गाने जोडले, आणि जोडल्यावर ते कोणत्या कामी खर्च केले, हा तो धागा होय.

हा विषय निवडण्यास कारणही तसेच आहे. पेण, रोहा या बाजूच्या आपल्या कुटुंबांत आज दोन प्रकारची मुले वाढत आहेत. एक मराठी शाळेत शिकणारी. इंग्रजी शब्द समोर आला की त्यांची छाती दडपते. दुसरी इंग्रजी शाळेत जाणारी; त्यांच्या तोंडी इंग्रजी वाक्ये असतात, पण आजीने सांगितलेली गोष्ट त्यांना निम्मीच उमगते. दोन्हीकडचे आईबाप चिंतेत असतात आणि शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याचा सोपा मार्ग धरतात. चिंतामणरावांचे आयुष्य या चिंतेवर चांगला प्रकाश टाकते, असे आम्हांस वाटते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. मातोश्री भागीरथीबाई धर्मनिष्ठ होत्या. बालपण कुंडलिकेच्या काठी रोह्यास गेले. योगायोग असा की, या जन्माच्या अवघे चार महिने आधी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातील गागोदे या गावी विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे आचार्य विनोबा, जन्मास आले. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याने, एकाच पावसाळ्या-हिवाळ्यात भाषेचे दोन थोर उपासक देशाला दिले. विनोबांनी १९१६ मध्ये परीक्षेचा मार्ग सोडला आणि आपली प्रमाणपत्रे अग्नीत टाकली. चिंतामणराव परीक्षेमागून परीक्षा देत यश मिळवीत गेले. मार्ग इतके भिन्न असूनही एका गोष्टीत दोघे सारखे होते. नवी भाषा शिकावयाची ती तिच्यात काही वाचावयाचे असते म्हणून, किंवा काही करावयाचे असते म्हणून. मिरविण्यासाठी नव्हे, हे दोघांनीही आयुष्यभर पाळले. विनोबांनी कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबीचा अभ्यास केला, आणि संस्कृत न येणाऱ्या आईसाठी गीता मराठीत आणण्याचा संकल्प पुढे ‘गीताई’च्या रूपाने पुरा केला.

त्या काळी रोह्यास रेल्वे नव्हती. ती पोहोचली १९८० नंतरच्या दशकात. कुलाब्याचा हा भाग मुंबईशी खाडीच्या वाटेने जोडलेला होता आणि पेणचा प्रवासी धरमतरची आगबोट धरी. अशा मुलखातून मुंबईस आलेला हा विद्यार्थी १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. त्याच परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, तो इंग्लंडला गेला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. इंग्रजीत पुढे नाव काढणाऱ्या या मुलाचा पहिला मोठा मान संस्कृतचा होता, ही गोष्ट आम्हांस अतिशय अर्थपूर्ण वाटते. संस्कृत शिकणाऱ्यास एक सवय आपोआप लागते. समोर आलेला शब्द तो फोडून पाहतो. धातू कोणता, उपसर्ग कोणता, प्रत्यय कोणता, हे ओळखल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. ‘हृ’ हा एक धातू कळला की आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार हे सारे शब्द एका घरचे होऊन येतात. इंग्रजी भाषेतील अवघड समजले जाणारे बहुतेक शब्द लॅटिन आणि ग्रीक या भाषांतून आलेले आहेत आणि त्यांची रचनाही अशीच उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांची आहे. शिवाय संस्कृत, लॅटिन व ग्रीक या भाषांचे नाते जवळचे आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास ते विद्वानांच्या नजरेस आणून दिले. आपला ‘अग्नी’ स्कूटरच्या इग्निशनमध्ये आहे. ‘दंत’ डेंटिस्टमध्ये, ‘मातृ’ मॅटर्निटीमध्ये, ‘नौ’ नेव्हीमध्ये, ‘दश’ डेसिमलमध्ये आणि ‘रथ’ रोटेशनमध्ये आहे. हे नाते ज्याला दिसू लागले, त्याला इंग्रजी शब्दकोश परक्याचा वाडा न वाटता दूरच्या नातलगाचे घर वाटू लागते.

केंब्रिज येथील जीझस कॉलेजात चिंतामणरावांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यासक्रम घेतला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१७ मध्ये त्यांनी ती पदवी परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने वनस्पतिशास्त्रासारखा गुरू नाही. तेथे शब्द आधी आणि वस्तू मागाहून, असा उलटा क्रम चालत नाही. पान हातात घ्यावे लागते. त्याची कडा दातेरी आहे की सरळ, देठ आहे की नाही, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे डोळ्यांनी पाहावे लागते आणि मग त्या प्रत्येक गोष्टीसाठी नेमलेला एकच शब्द वापरावा लागतो. जवळपासचा शब्द तेथे चुकीचा ठरतो. पुढे अर्थखात्याच्या टिपणांत आणि विधेयकांच्या मसुद्यांत नेमक्या शब्दाचे जे महत्त्व चिंतामणरावांनी मानले, त्याची तालीम या पानाफुलांत झाली असावी असे आम्ही समजतो. बागकामाची आवड तर त्यांना शेवटपर्यंत राहिली.

१९१८ साली लंडन येथे झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत ते पहिले आले. त्या वेळी ही परीक्षा हिंदुस्थानात होत नसे. अलाहाबादेस ती सुरू झाली १९२२ पासून. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, अशा विद्यार्थ्यांच्या बरोबरीने त्यांच्याच राजधानीत बसून रोह्याच्या मुलाने हा मान मिळविला, याचे कौतुक त्या पिढीस किती वाटले असेल याची कल्पना करता येते. १९२० मध्ये रोझिना या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला.

सेवेत त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. उपायुक्त, जमाबंदीचे बंदोबस्त अधिकारी, महसूल व अर्थ खात्यांचे सचिव अशा पायऱ्या ते चढले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांपैकी ते एक होते. या वीस वर्षांत त्यांच्या इंग्रजीला दुसरे वळण लागले. बंदोबस्ताचे काम म्हणजे एकीकडे खेडुताची बोली, मधे फारसी वळणाचे महसुली शब्द आणि वर इंग्रजी अहवाल. शेतकऱ्याने सांगितलेली हकिकत इंग्रजी अहवालात शिरताना तिचा अर्थ बदलला, तर साऱ्याची रक्कम बदलते आणि एखाद्या घराची चूल विझू शकते. अशा ठिकाणी मोठा शब्द वापरण्याचा मोह आवरावा लागतो. ज्याच्याजवळ शब्द पुष्कळ असतात त्यालाच साधा शब्द निवडण्याची मुभा असते. ज्याच्याजवळ थोडे असतात तो जो आठवेल तो वापरतो.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, गव्हर्नर झाले. त्यांच्या आधीचे दोन्ही गव्हर्नर भारतीय नव्हते. पुढच्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा पाया तेथे घातला गेला. हिंदुस्थान तेव्हा पारतंत्र्यात होता आणि शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे सरकारचे इंग्रज अर्थसदस्य होते. पण त्या शिष्टमंडळात चिंतामणराव, सर षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ असे भारतीय सभासदही होते.

त्या परिषदेतील एक वाद आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. नाणेनिधीच्या उद्देशांत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख असावा असा आग्रह भारतीय शिष्टमंडळाने धरला. मूळ स्वरूपात तो मान्य झाला नाही. परंतु सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख पहिल्याच कलमात आला. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या स्टर्लिंग येण्याचा प्रश्न निधीच्या कक्षेत घ्यावा, ही दुसरी मागणी मात्र फेटाळली गेली. वाद सगळा एकेका वाक्यांशाचा होता, पण त्या वाक्यांशांवर कोट्यवधी लोकांचा पैसा अवलंबून होता. उच्च दर्जाचे इंग्रजी शब्दभांडार कशास हवे, असे विचारणाऱ्या तरुणास आम्ही हे उदाहरण सांगू. कायद्याचा किंवा कराराचा मसुदा दुसऱ्याच्या भाषेत होत असतो, तेव्हा त्या भाषेतील बारकावे न जाणणारा मनुष्य सही तेवढी करतो.

१९४९ च्या प्रारंभी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झाले. १९५० मध्ये पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँक यांची संयुक्त वार्षिक सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि त्याच वर्षी ते भारताचे अर्थमंत्री झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले, ही आपल्या जिल्ह्यास विशेष अभिमानाची गोष्ट होय. स्टेट बँकेची स्थापना १९५५ मध्ये, तर आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ मध्ये झाले. याच काळातील एक लहानशी बाब सहसा कोणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाची कागदपत्रे १९५५-५६ पासून इंग्रजीबरोबर हिंदीतही छापली जाऊ लागली. ज्याचे इंग्रजी देशात नावाजले गेले होते, त्याच अर्थमंत्र्याच्या कारकिर्दीत अर्थसंकल्प इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंत पोहोचू लागला.

आणि मग त्यांच्या शब्दांच्या कसोटीचा प्रसंग आला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारांत माणसे पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या साऱ्या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण वेचले. चिंतामणरावांनी राजीनामा देऊ केला, आणि जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून लोकसभेत आपले निवेदन केले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आला नाही, आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे त्यांचे मुख्य आक्षेप होते. ज्या पंतप्रधानांविषयी त्यांना आदर होता, त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी हे सांगितले. त्यांच्यापाशी इंग्रजी शब्दांची वाण नव्हती. बोचणारे, जखम करणारे शब्दही त्यांना ठाऊक असलेच पाहिजेत. पण दोषारोप नेमका, पुराव्यानिशी आणि सभागृहाची मर्यादा राखून करणे हे त्यांनी पसंत केले. रोह्यापासून केंब्रिजपर्यंत जोडलेले शब्दधन त्या दिवशी आपल्या मुलखाच्या कामी आले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. त्याच्या पायात या राजीनाम्याचाही एक चिरा आहे.

मंत्रिपद गेल्यावर त्यांचे आयुष्य शिक्षणाकडे वळले. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. रोझिनाबाई १९४९ मध्ये निवर्तल्या होत्या. १९५३ मध्ये त्यांनी घटना समितीच्या सभासद राहिलेल्या आणि आंध्रात स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य उभारणाऱ्या दुर्गाबाईंशी विवाह केला. या दोन्ही विवाहांनी जात आणि भाषा यांच्या सीमा सहज ओलांडल्या. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. चिंतामणरावांचा अभिमान बाळगावयाचा तर त्यांच्या मनाच्या विस्ताराचाही बाळगला पाहिजे. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली; तीत श्री. गिरी निवडून आले. १९७५ मध्ये चिंतामणरावांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

या सर्व वर्षांत त्यांचे भाषांमधले येणेजाणे थांबले नव्हते. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठी पद्यात आणले. गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधून ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ हा ग्रंथ सिद्ध केला. संस्कृतात स्वतः काव्यरचना केली. १९७४ मध्ये आत्मचरित्र मात्र इंग्रजीत लिहिले. आमच्या मते त्यांच्या शब्दधनाचे खरे मर्म या येण्याजाण्यात आहे. एका भाषेतील भाव दुसरीत नेताना पहिला सुचलेला शब्द बहुधा पुरत नाही; दुसरा, तिसरा शोधावा लागतो, आणि शोधता शोधता दोन्ही भाषा वाढतात. जो एकाच भाषेत राहतो, त्याला आपल्या शब्दांची उणीव कळण्यास वेळ लागतो.

या प्रवासाचा शेवट फार सुंदर झाला. १९८१ मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांनी अमरकोशातील शब्दरत्नांचे इंग्रजी टीपांसह एक पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या जुन्या घरांतून मुले ज्या कोशाचे पाठांतर करीत, तोच हा अमरसिंहाचा कोश. त्याची रचना वर्णानुक्रमाने नाही. स्वर्ग, दिशा, काल, पाणी, भूमी, नगर, पर्वत, वनस्पती असे वर्ग पाडून एकेका वस्तूची सारी नावे त्यात एकत्र दिली आहेत. वनौषधिवर्गात झाडापाल्याची नावे आहेत. नानार्थवर्गात एकाच शब्दाचे अनेक अर्थ आहेत. तरुणपणी केंब्रिजला वनस्पतींची इंग्रजी व लॅटिन नावे शिकलेला विद्यार्थी म्हातारपणी अमरकोशातील शब्द इंग्रजी वाचकाला समजावून देत बसला होता. त्याच वर्षी दुर्गाबाई निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनी देह ठेवला. पुढच्याच महिन्यात, १५ नोव्हेंबरला, विनोबाही पवनारला गेले.

आता आपल्या घरांतील मुलांकडे वळू. इंग्रजी शिकविण्याच्या शास्त्रानेही या वाटेचीच साक्ष दिली आहे. ढाक्यास अध्यापन करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी श्रेणीबद्ध वाचनपुस्तके रचली. ओळखीच्या शब्दांच्या सोबतीने थोडे थोडे नवे शब्द आणावे आणि ते पुन्हा पुन्हा भेटावे, ही त्यांची पद्धत होती. १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली नित्य वापरातील सुमारे दोन हजार शब्दांची यादी पुढे जगभर वापरली गेली. त्यापलीकडच्या विद्वत्तेच्या भाषेसाठी अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुलांची यादी केली. विद्यापीठीय इंग्रजी मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा एवढ्याच शब्दकुलांनी व्यापलेला असतो आणि त्यांतील बहुतेक लॅटिन-ग्रीक मुळांचे आहेत. म्हणजे डोंगर दिसतो तेवढा उंच नाही, आणि संस्कृत व मराठी जाणणाऱ्यास त्याची पाऊलवाट आधीच ठाऊक आहे.

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, मुलाच्या हाती सुट्या शब्दांची यादी देऊ नये. शब्दांची कुळे द्यावीत. रोज एक इंग्रजी उतारा मराठीत आणि एक मराठी उतारा इंग्रजीत करावयास सांगावा; दहा ओळी पुरेत. परसातील झाडाचे नाव आधी मराठीत, मग संस्कृतात, मग इंग्रजीत विचारावे. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात सुमारे साठ हजार शब्द झाले. तो आज सहज उपलब्ध आहे. एक परका मनुष्य आपल्या भाषेचे एवढे शब्द जमवू शकतो, तर आपल्या मुलांनी त्याच्या भाषेचे जमविण्यास भ्यावे का? आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाची मराठी सुटू देऊ नये. चिंतामणरावांच्या इंग्रजीला जे बळ होते, ते खाली संस्कृत आणि मराठीची जमीन असल्यामुळे होते. जमीन गेली की झाड कुंडीत येते.

सर्वांनीच गव्हर्नर वा मंत्री व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून समजणे, अन्याय झाल्यास तो नेमक्या शब्दांत मांडणे आणि अधिकाऱ्यासमोर मर्यादा न सोडता सत्य बोलणे, एवढे प्रत्येक घरच्या मुलामुलीस साधावे. शब्दधन जोडावयाचे ते याचसाठी. रोह्याच्या या सुपुत्राने ते जोडून दाखविले आणि वेळ येताच, मंत्रिपदाची किंमत मोजून, ते खर्चही केले.